मेहली मेहता: मुंबईचा हौशी ऑर्केस्ट्रा ते लॉस एंजेलिसची ३३ वर्षं

मंद्र

झुबिन मेहतांवर आपल्याकडे वर्तमानपत्रांत दर काही वर्षांनी लेख येतोच, आणि त्यात वडिलांचा उल्लेख एका वाक्यात असतो, वडील मेहली मेहता हेही व्हायोलिनवादक होते, झालं, पुढे झुबिन व्हिएन्नाला गेले वगैरे. मला कधीपासून वाटतंय की हे एक वाक्य फार अपुरं आहे. गेले काही महिने मी मेहलींबद्दल मिळेल ते वाचतेय आणि माझं मत असं झालंय की हौशी आणि शिकाऊ वादकांना घेऊन वर्षानुवर्षं उभं राहणं हे जे ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरचं एक वेगळंच काम आहे त्यातला आपल्या मुंबईचा सगळ्यात मोठा माणूस हाच.

थोडक्यात आयुष्य सांगते. जन्म २५ सप्टेंबर १९०८, मुंबई, पारशी घर. व्हायोलिन इथेच शिकले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा दिल्या. १९३५ मध्ये, म्हणजे सत्ताविशीत, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा गट. १९४५ ला युद्ध संपल्यावर बायको आणि दोन लहान मुलं मुंबईत ठेवून न्यूयॉर्कला गेले, इवान गलामियानकडे शिकायला, आणि वय तेव्हा सदतीस! चार वर्षांनी परत आले आणि पुन्हा तोच ऑर्केस्ट्रा. १९५५ च्या सुमारास मँचेस्टरला कंडक्टर बार्बिरोलींच्या हॅले ऑर्केस्ट्रात असिस्टंट कॉन्सर्टमास्टर (व्हायोलिनच्या मुख्य वादकाचा सहायक), मग फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेट, आणि १९६४ ला लॉस एंजेलिस. तिथे त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली आणि १९९८ पर्यंत स्वतः चालवली. ३३ वर्षं. सोडली तेव्हा नव्वदीला टेकले होते. २००२ मध्ये गेले.

आता माझा मुद्दा. फिलहार्मोनिकसारख्या पगारी ऑर्केस्ट्रात वादक सोमवारी तालमीला येतो कारण ती त्याची नोकरी आहे, कंडक्टर आवडो न आवडो. हौशी ऑर्केस्ट्रात तसं काहीच नसतं. दिवसभर बँकेत, शाळेत, दुकानात काम करून माणूस व्हायोलिनची पेटी घेऊन लोकलनं येतो, आणि पुढच्या आठवड्यात आला नाही तर कंडक्टर त्याचं काय करणार? काहीच करू शकत नाही. त्यामुळे तालीमच अशी व्हावी लागते की माणसाला परत यावंसं वाटेल, आणि तरी सूर खोटा लागला तर तो खोटा आहे हे तोंडावर सांगावंही लागतं. हे दोन्ही एकाच संध्याकाळी जमवणं ही मला तरी मोठ्या कंडक्टरच्या कुठल्याही करामतीपेक्षा अवघड गोष्ट वाटते. मेहलींनी हे आधी मुंबईत केलं आणि मग आयुष्याचा शेवटचा तिसरा हिस्सा पुन्हा तेच केलं, मुलगा त्याच शहरात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक असताना, हे मला फार विलक्षण वाटतं.

कोणाकडे मुंबईच्या त्या ऑर्केस्ट्राच्या आठवणी, घरातल्या ऐकीव गोष्टी असतील तर प्लीज लिहा.

चौथा_मजला

छान विषय. एक भर घालतो. आकाशवाणीची ती सकाळची धून आहे ना, सुरुवातीला तानपुरा आणि वर व्हायोलिन, ती वॉल्टर कॉफमन यांची. झेकोस्लोव्हाकियातल्या कार्ल्सबादचे ज्यू, १९३४ मध्ये मुंबईत आले आणि नंतर रेडिओवर पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. त्यातलं व्हायोलिन मेहलींनी वाजवलंय असं सांगतात. कॉफमननी इथे बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली होती, दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम, आणि त्यात मेहली व्हायोलिनला. म्हणजे बघा, हिटलरमुळे देशोधडीला लागलेला माणूस, एक पारशी तरुण, एक इटालियन चेलोवादक, आणि ऐकायला गावातले हौशी लोक, असं ते सगळं चाललेलं. आपण शाळेला जाताना रोज ऐकलेली धून या वर्तुळातून आलीय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मडगावचो

मंद्र ताई, धाग्याबद्दल देव बरें करूं. पण त्या ऑर्केस्ट्रात बसायचं कोण हेही यायला हवं. पारशी होते, युरोपियन होते, ज्यू निर्वासित होते, पण खुर्च्या मोठ्या प्रमाणात भरल्या आमच्या गोंयकारांनी. कारण सोपं आहे, पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा असायच्या आणि तिथला मेस्त्री मुलांना सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा, म्हणजे दहा-बारा वर्षांचं पोर स्टाफ नोटेशन, ते पाच रेघांवरचं पाश्चात्य स्वरलेखन, वाचत असे. मुंबईत त्या काळी नोटेशन बघून लगेच वाजवू शकणारे दुसरे होते कोण? ही मुलं मुंबईला आली की धोबीतलावला गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, उतरायची, जेर महालच्या आसपास, आणि मग हॉटेलचे बँड, लग्नं, मूकपटांच्या वेळी थिएटर, नंतर फिल्म स्टुडिओ.

माझे आजोबा त्यातलेच, सेकंड व्हायोलिन. दिवसा रेकॉर्डिंगची शिफ्ट आणि संध्याकाळी सिंफनीची तालीम. शिफ्टला पैसे मिळायचे, तालमीला नाही किंवा नावाला मिळायचे. तरी जायचे. घरी विचारलं की म्हणायचे स्टुडिओत मला चार ओळींचा कागद देतात, तिथे मला चाळीस पानं देतात. कंडक्टरबद्दल फारसं कौतुकानं बोलायचे नाहीत, कडक होते म्हणायचे, सगळ्यांचे गज एकाच दिशेनं गेले पाहिजेत यासाठी पानापानावर पेन्सिलीनं खुणा करायला लावायचे. पण ते कागद त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवले होते.

अँथनी गोन्साल्विस यांचं नाव इथे यायलाच हवं. माजोर्ड्याचे, प्यारेलालजींचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणून शंभरावर वादक जमवले, झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला, लताबाई आणि मन्ना डे गायले. राग आणि सिंफनी एकत्र आणायचं त्यांचं स्वप्न होतं. ते फार काळ टिकलं नाही याचं आमच्याकडे अजून वाईट वाटतं. आणि पणजीत १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी आकादेमिया द मुझिका काढली ती तर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मंद्र

मडगावचो दादा, हे वाचून अंगावर काटा आला. "तिथे मला चाळीस पानं देतात" हे वाक्य मी कुठेतरी लिहून ठेवणार आहे, परवानगी असेल तर. गजाच्या खुणांचं अगदी खरं आहे, मेहली मूळचे तंतुवाद्यांचे माणूस, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष गजावर. स्ट्रिंग सेक्शन एकसारखा वाजला की अर्धा ऑर्केस्ट्रा उभा राहतो.

सुषिर वाद्यांचं मात्र मुंबईत कायम रडगाणं होतं. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्यं शिकवणारंच कोणी नाही तर वाजवणारे कुठून येणार, मग नौदलाच्या बँडमधून माणसं घ्यायची. म्हणजे कंडक्टरला कार्यक्रम ठरवतानाच डोक्यात हिशोब करावा लागतो की या मोसमात माझ्याकडे कोण आहे, कोणाची बदली झाली. झुबिन सांगतात की त्यांच्या लहानपणी घरात सतत तालीम चालू असायची, आज क्वार्टेट, उद्या एखादा सेक्शन, आणि ते त्या आवाजातच वाढले. १९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहूदी मेनुहिन मुंबईत आले तेव्हा मेहलींनी त्यांच्यासाठी ऑर्केस्ट्रा जमवला आणि तालमीत कंडक्ट करायला पंधरा-सोळा वर्षांच्या झुबिनला उभं केलं. जगातल्या एका मोठ्या कंडक्टरची शाळा म्हणजे आपल्याच गावातला एक हौशी ऑर्केस्ट्रा होता.

तर्कट

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते मांडतो, राग नसावा. एकाच माणसावर उभी राहिलेली संस्था ही संस्थाच नव्हे. मेहली १९५५ ला मुंबई सोडून गेले आणि बॉम्बे सिंफनीचं काय झालं? त्या रूपात राहिली नाही. वीस वर्षांचं काम आणि मागे काय, तर आठवणी. नाटक मंडळ्यांत आपण हेच पाहिलंय, मालक गेला की मंडळी फुटली. लांब काळ एकच कंडक्टर असेल तर वादक त्याच्या सवयीचे होतात, त्याला आवडतं तेच वाजतं, नवीन कोणी तयार होत नाही. पगारी ऑर्केस्ट्रात संगीत दिग्दर्शक ठरावीक वर्षांच्या करारावर असतो ते याचसाठी. तेव्हा ३३ वर्षं हा आकडा मला कौतुकाचा वाटण्याआधी काळजीचा वाटतो.

क्षिप्रा_एलए

तर्कट, अमेरिकन यूथ सिंफनीच्या बाबतीत उत्तर देते कारण इथे राहते आणि त्यांचे कार्यक्रम ऐकलेत. मेहलींच्या काळातले नाही, मी नंतर आले. कार्यक्रम यूसीएलए या इथल्या विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये व्हायचे आणि प्रवेश फुकट, ही प्रथा त्यांच्याच वेळची. तुम्ही विचार करा, एवढ्या महागड्या शहरात कोणीही आत जाऊन मालरच्या सिंफनी ऐकू शकत होतं. आम्ही नवीन आलो होतो, भाडं भरून हातात फार काही उरत नसे, तेव्हा आम्ही तिथेच जायचो आणि मागे नेहमी एखादं कुटुंब लहान मुलांना घेऊन आलेलं असायचं.

आता तुमचा मुद्दा. तो ऑर्केस्ट्रा हौशी मोठ्यांचा नव्हता, शिकणाऱ्या तरुणांचा होता, संगीत कॉलेजातून बाहेर पडायच्या आणि नोकरी मिळायच्या मधल्या वयातल्यांचा. म्हणजे कंडक्टर तोच पण समोरची मुलं दर काही वर्षांनी बदलणार. ३३ वर्षांत किती पिढ्या गेल्या असतील त्यांच्या हाताखालून! त्यातले कितीतरी जण पुढे मोठ्या ऑर्केस्ट्रांत आणि हॉलिवूडच्या स्टुडिओत गेले. सवयीचा प्रश्न येतच नाही, उलट दर सप्टेंबरला त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत असणार. आणि त्यांच्यानंतर ते बंद नाही पडलं, १९९८ ते २०१६ अलेक्झांडर ट्रेगर होते, मग कार्लोस इस्काराय. २०२४ मध्ये बंद झालं ते पैशाअभावी. ती बातमी वाचली त्या दिवशी मी खरंच रडले.

मंद्र

क्षिप्रा, थँक यू. बंद झाल्याचं मी मूळ लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण ते लिहिलं की सगळी चर्चा तिकडेच वळते.

तर्कट, राग कसला, मुद्दा बरोबर जागी आहे. पण मुंबईतलं काहीच उरलं नाही हे पटत नाही. १९६२ मध्ये जिनी दिनशॉ यांनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा काढला आणि त्या बाईंनी कित्येक दशकं तो जवळजवळ एकहाती चालवला, मुलांना व्हायोलिन शिकवायचं आणि तयार झाली की ऑर्केस्ट्रात बसवायचं. मुंबईत ऑर्केस्ट्रात बसायची सवय असलेली माणसं आणि ऐकायची सवय असलेले श्रोते आधीच्या वीस वर्षांत तयार झाले नसते तर हे कोणाच्या जिवावर उभं राहिलं असतं? संस्थेचं नाव पुसलं गेलं पण वादक गावातच होते ना.

बेळगावी_बेस

एकच माणूस आणि लांबचा काळ यावर किन्शासाचं उदाहरण देतो, काँगोची राजधानी. आर्मां दियांगिएंदा, सायमन किंबांगू यांचा नातू. किंबांगू म्हणजे तिकडच्या मोठ्या चर्चचे संस्थापक. हे दियांगिएंदा साहेब पायलट होते, ती नोकरी गेली आणि १९९४ मध्ये त्यांनी ऑर्केस्ट्रा काढला. स्वतःला नोटेशन येत नव्हतं, शिकत शिकत शिकवलं. सुरुवातीला मोजकी व्हायोलिनं आणि माणसं जास्त, मग पाळीपाळीनं वाजवायचं, याचं झालं की त्याच्या हातात. तार तुटली तर सायकलच्या ब्रेकची तार लावायचे. मध्ये युद्ध, लुटालूट, वीज जायची ती वेगळीच. आणि ही दिवसा बाजारात, गॅरेजमध्ये, दवाखान्यात काम करणारी माणसं बीथोव्हेनची नववी सिंफनी कोरससकट करतात. २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीनं त्यांना मानद सदस्य केलं.

तर्कटराव, इथे ठरावीक वर्षांचा करार वगैरे करायला बसले असते तर पहिल्याच वर्षी कारभार आटोपला असता. काही ठिकाणी एक माणूस हट्टानं राहतो म्हणूनच गोष्ट होते.

तर्कट

किन्शासाचं माहीत नव्हतं, वाचतो. जिथे काहीच नाही तिथे एका माणसाचा हट्ट लागतो हे मान्य. माझी शंका त्यानंतरच्या टप्प्याबद्दल आहे. त्याला थांबवायचं कोणी आणि कधी?

हार्मनी_पार्ल्याची

याचं बॉस्टनचं उदाहरण आहे ना! बेंजामिन झँडर तिथल्या सिव्हिक सिंफनी नावाच्या हौशी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर होते. व्यवस्थापन मंडळाशी पटेना, त्यांना काढलं, आणि बहुतेक सगळे वादक त्यांच्याबरोबर बाहेर पडले. त्यातून १९७९ मध्ये बॉस्टन फिलहार्मोनिक झाली, हौशी, विद्यार्थी आणि व्यावसायिक एकत्र, आणि तेव्हापासून झँडरच. म्हणजे तर्कट यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे वादकांनी दिलं, मंडळानं नव्हे. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. प्रत्येक तालमीला प्रत्येक स्टँडवर एक कोरा कागद ठेवतात आणि वादकांनी त्यावर कंडक्टरला जे सांगायचं ते लिहायचं, हा भाग फार पळवता, इथे तुमचा हात दिसत नाही, काहीही. शेवटच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा लिहितो. इतकी वर्षं एकत्र राहायचं तर अशी काहीतरी वाट लागतेच, मनात साठून राहिलं की माणसं गुपचूप यायची बंद होतात.

मी कॉयरमध्ये गाते त्यामुळे आणखी एक नाव, कूमी वाडिया. परांज्योती अ‍ॅकॅडमी कोरस, १९५६ मध्ये व्हिक्टर परांज्योती यांनी सुरू केलेला. १९६७ ला ते वारले आणि बॅटन, म्हणजे कंडक्टरची काठी, कूमीबाईंकडे आलं, पुढची पाच दशकं त्यांनीच सांभाळलं. सगळे हौशी गायक, आपापल्या नोकऱ्या करून येणारे. युरोपचं संगीत तर गायलंच पण भारतीय लोकगीतांना चार आवाजांत बसवून परदेशी नेलं. त्या काळात बाईनं बॅटन घेऊन उभं राहायचं आणि पुरुष बेस-टेनरना सांगायचं की पुन्हा म्हणा, हे सोपं नव्हतं. इथे तर संस्थापक गेल्यावर दुसऱ्यानं घेतलं आणि ते जास्त वाढलं, म्हणजे तर्कटना हवं तेच.

चौथा_मजला

कूमीबाईंच्या नावाला +१. त्यांच्यावर स्वतंत्र धागा निघायला पाहिजे. पार्ल्याच्या बाई, तुम्हीच काढा.

ढोलावर_टिपरू

मला पाश्चात्य संगीतातलं काही कळत नाही पण पुण्यात ढोलताशा पथकात बरीच वर्षं आहे, आणि मंद्रताईंचं पहिलं पोस्ट वाचून वाटलं हे आमचंच लिहिलंय. आमच्याकडेही सगळे आयटी, कॉलेज, दुकान करून येणारे, जून-जुलैपासून नदीपात्रात रात्री सराव, पैसे नाहीत. आमचे पथकप्रमुख जे ताशावर इशारा देतात त्यावर सगळे ढोल एकत्र पडतात. ते रागावतात खूप, पण नवीन मुलगी ठोका चुकली तर तिच्या शेजारी स्वतः ढोल बांधून उभे राहतात. ते गेले तर आम्ही येऊ का माहीत नाही. एक विचारायचं होतं, तो हातवारे करणारा माणूस नेमकं करतो काय? वादकांसमोर कागद असतोच ना?

मंद्र

टिपरू दादा, फार आवडलं तुमचं पोस्ट.

कागदावर सूर असतो आणि किती मात्रा ते असतं. पण किती मोठ्यानं ते अंदाजे असतं, कोणी कोणाला वाट द्यायची ते नसतं, श्वास कुठे घ्यायचा ते बऱ्याचदा नसतं. शिवाय साठ-सत्तर माणसं पसरून बसलेली, मागच्या ट्रम्पेटला पुढचं व्हायोलिन नीट ऐकूच येत नाही, सगळे आपापल्या कानावर गेले तर दोन मिनिटांत सांडासांड. मग एका हातानं ताल, दुसऱ्यानं कोणी यायचं, कोणी दबायचं. पण कार्यक्रमाच्या दिवशी जे दिसतं ते अगदी शेवटचं थोडंसं काम. खरं काम तालमीत होतं आणि हौशी ऑर्केस्ट्रात तर त्याआधी घरी, कारण स्कोअर (सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली वही) घेऊन बसायचं आणि बघायचं की ही जागा माझ्या तिसऱ्या रांगेतल्यांना झेपणार नाही, यांना इथे बोटं ठेवायची सोपी पद्धत द्यायला पाहिजे, बासून नाहीये तर ती ओळ चेलोला देता येईल का. मुंबईत पावसाळ्यात तर वाद्यंच बिघडतात, हवेनं खुंट्या फुगून अडकतात, सांधे सुटतात. माझ्या मते मेहलींनी जे दोन्ही शहरांत केलं ते हे. समोर कोण बसलंय ते बघून त्याला उद्या जमेल एवढंच अवघड काहीतरी द्यायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्याहून थोडं जास्त.

म्हणून मला त्यांच्या पदव्यांपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की हॅलेत, बार्बिरोलींच्या हाताखाली, उत्तम जागी बसलेला माणूस छप्पन्नाव्या वर्षी विशीतल्या मुलांकडे गेला आणि नव्वदीपर्यंत तिथून हलला नाही.

मडगावचो

ताई, ते वाक्य खुशाल वापरा. आजोबांना आवडलं असतं. त्यांच्या कागदांतले काही पार्ट्स आमच्या मडगावच्या घरी अजून आहेत, वाळवी लागायच्या आत स्कॅन करणार आहे, गजाच्या खुणा दिसतात त्यावर. झाले की इथे टाकतो.

क्षिप्रा_एलए

दादा प्लीज टाकाच! आणि कागद थेट स्कॅनरच्या फीडरमधून घालू नका, जुना कागद फाटतो, सपाट ठेवून फोटो काढा.

शिवडी_लोकल

सगळा धागा एका दमात वाचला. प्रश्न विचारू का, माझं वय चाळीसच्या पुढे, कर्नाटकी पद्धतीनं व्हायोलिन थोडं शिकलोय, मांडी घालून. अशा ऑर्केस्ट्रात बसायची फार इच्छा आहे. या वयात शक्य आहे का? आणि मुंबईत कुठे विचारायचं?

मंद्र

शक्य आहे. वाद्य धरायची पद्धत पूर्ण बदलेल, हनुवटीखाली आडवं, आणि गमक घसरवायची बोटांची सवय थोडी आवरावी लागेल, पण कान तयार आहे हे अर्ध्याहून जास्त काम झालं. आधी नोटेशन वाचायला लाग, रोज थोडं, लयीत, चुकलं तरी न थांबता, कारण ऑर्केस्ट्रा तुझ्यासाठी थांबत नाही. मग फर्स्ट आणि थर्ड पोझिशन, म्हणजे तारेवर डावा हात ठेवायच्या जागा, पक्क्या कर. मेहलींच्या नावाचं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन १९९५ पासून मुंबईत आहे, त्यांचा भर मुलांवर आहे पण मोठ्यांना कोण शिकवतं हे त्यांना विचारून कळेल, बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला जाऊन वादकांशी बोललास तरी कळेल. एकट्यानं वर्षभर घासत बसण्यापेक्षा दोघं-तिघं मिळून सोपी त्रिकुटं वाजवायला सुरुवात कर.

आणि व्हायोलिनऐवजी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुरातला भाऊ, घेता आला तर बघ. हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला नेहमी कमी पडतात, लवकर खुर्ची मिळेल.